नुसतं चालून भागायचं नाही

तात्यापारा, रायपूर
श्रावण शुद्ध चतुर्थी

तीर्थस्वरूप दादास,


तुझं पत्र मिळालं. नागपुरात रोज पहाटे अंबाझरीला फेरी मारतोस, पाऊस असला तरी खाडा करत नाहीस, हे वाचून बरं वाटलं. पण त्याच पत्रात शेवटी तू सहज लिहून गेलास की पूजेला पाटावर बसलं की उठताना भिंतीला हात टेकावा लागतो, आणि डॉक्टर म्हणतात साखर काठावर आहे. त्या दोन ओळींनी मला हे पत्र लिहायला बसवलं. तू म्हणतोस, वय झालं. सगळंच वयावर ढकलायला मी तयार नाही.

आधी चालण्याचं श्रेय चालण्याला देते. जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या बसवाल्यांचा केलेला अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध झाला. बस दुमजली. ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत असलेला. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, झालाच तर उशिरा, आणि तोही ड्रायव्हरांच्या मानानं कमी जीवघेणा. तू जन्मभर बँकेत खुर्चीवर बसलास, म्हणजे ड्रायव्हरांच्या बाजूचा. निवृत्तीनंतर चालायला लागलास हे फार चांगलं केलंस. नियमित चालणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलतं, म्हणून स्वस्थ बसलेलं असताना नाडी हळू चालते. रक्तदाब आटोक्यात राहायलाही मदत होते. हे सगळं तुला मिळालंय, ते सोडू नकोस.

पण तोच रस्ता, तीच चाल, तोच वेळ, हे वर्षानुवर्षं केलं की शरीर त्याला सरावतं आणि नवं काही कमवायचं थांबतं. शिवाय चालताना दंड, पाठ, खांदे यांना जवळजवळ काहीच काम नसतं. मांड्यांतलेसुद्धा सगळे तंतू कामाला लागत नाहीत. स्नायूंत दोन जातींचे तंतू असतात, एक दमानं बराच वेळ राबणारे आणि दुसरे झटक्यात जोर लावणारे. सपाट रस्त्यावर पहिले पुरतात. पाटावरून उठताना, जिन्यात पाय अडखळला तर तोल सावरताना दुसरे लागतात, आणि वयाबरोबर आधी झिजतात तेच. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण तीन ते आठ टक्क्यांनी घटतात, साठीनंतर जास्त वेगानं. तू रोज तासभर चालतोस आणि तरी भिंत धरावी लागते, याचं कोडं इथे सुटतं.

साखरेचंही तसंच. जेवणानंतर रक्तात उतरलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू साठवून घेतात. स्नायू घटले की कणगी लहान झाली, आणि घरात येणारं धान्य तेवढंच; उरलेलं बाहेर सांडणारच. म्हणून तुझ्या साखरेसाठी मला तुझ्या मांड्या-पाठीची काळजी जास्त वाटते. २०१५ साली १७ देशांतल्या, त्यात आपलाही देश होता, जवळपास एक लाख चाळीस हजार लोकांच्या हाताच्या पकडीची ताकद मोजून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढच्या काही वर्षांत कोण दगावेल याचा अंदाज वरच्या रक्तदाबापेक्षा या पकडीवरून जास्त चांगला येत होता. याचा अर्थ रबरी चेंडू दाबत बसलं की आयुष्य वाढतं असा नाही. पकड ही अंगातल्या एकूण ताकदीची खूण आहे, आणि ताकद ही नुसत्या पहिलवानांची गरज नाही, एवढंच त्यातून घ्यायचं.

ताकदीवरून आठवलं, इथे नुकतीच हरेली झाली. आपली दिव्याची अवस तीच इथली हरेली. शेतकरी नांगर-कुदळी धुऊन पुजतात आणि पोरं गेडीवर चढतात. बांबूच्या दोन काठ्या, त्यांना गुडघ्याच्या उंचीवर पाय ठेवायला खाच बांधलेली. त्यावर उभं राहून चिखलातून चालायचं, रचरच आवाज करत. पाहायला खेळ, पण घोट्यापासून कमरेपर्यंतचा प्रत्येक स्नायू क्षणाक्षणाला तोल सावरत असतो आणि दंड काठी धरून शरीर वर पेलत असतात. तू गेडीवर चढ असं मी मुळीच म्हणत नाही. पण तोल हासुद्धा शिकवावा आणि टिकवावा लागतो, हे इथल्या पोरांना कुणी न सांगता कळतं.

२०२२ साली सरकारनं छत्तीसगढिया ऑलिंपिक भरवलं, त्यात गेडीची शर्यत होती, पिठ्ठुल, म्हणजे आपली लगोरी होती, लंगडी होती, आणि फुगडी होती. इथली फुगडी आपल्यासारखी हात धरून गरगर फिरायची नाही. बायका उकिडव्या बसतात आणि बसल्या बसल्या एक पाय पुढे, एक मागे असे भराभर बदलत राहतात, हात त्याच तालात हलत असतात. चाळिशीच्या वरच्या बायकांचा वेगळा गट होता. पदर खोचून बसलेल्या बायका मी जवळून पाहिल्या. मिनिटभरातच चांगल्या तरण्या मुलींच्या मांड्या पेटतात आणि श्वास फुलतो. शेतात रोवणी करणाऱ्या, दिवसभर वाकणाऱ्या-उठणाऱ्या बायका मात्र टिकून राहतात. ताकद आणि दम, दोन्ही एकाच वेळी मागणारा एवढा स्वस्त व्यायाम मी शारीरिक शिक्षण शिकवण्यात सगळी नोकरी घालवूनही दुसरा पाहिला नाही. सतनामी समाजाचं पंथी नृत्यही तसंच. मांदर या ढोलाचा ठेका आधी संथ, मग चढत जातो, नाचणारे उसळ्या घेतात, एकमेकांच्या खांद्यावर चढतात. हल्लीचे प्रशिक्षक कधी वेगात, कधी संथ असा जो व्यायाम पैसे घेऊन करवतात, तो यात आहेच.

आणि मल्लखांब तर आपल्याकडूनच इथे आला. दुसऱ्या बाजीरावांच्या काळातल्या बाळंभट्टदादा देवधरांनी ज्याला नवं रूप दिलं, तो खांब आता बस्तरातल्या नारायणपूरला अबूझमाडच्या आदिवासी मुलामुलींनी असा काही आपलासा केलाय, की २०२३ साली ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ या टीव्हीवरच्या स्पर्धेत अबूझमाड मल्लखांब अकादमी पहिली आली. मला ते बघताना रडू आलं होतं. जंगलात झाडावर चढणारं, नदीत पोहणारं, मैलोगणती चालणारं ते शरीर आधीच तयार होतं, खांबानं त्याला शिस्त लावली.

मल्लखांबाचं नाव काढायला आणखी एक कारण आहे. सूर्यनमस्कार फार उत्तम. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळाशाळांतून ते घालायला लावले ते उगीच नाही. जोर-बैठकाही उत्तम. पण या सगळ्यांत आपण जमीन ढकलतो, काही ओढत नाही. ओढणं आपल्याला मल्लखांबानं, कुस्तीनं आणि विहिरीच्या रहाटानं दिलं होतं. रहाट गेला, घरात नळ आला, आणि पाठीच्या वरच्या भागाला काम उरलं नाही. पन्नाशीतच खांदे पुढे आलेली माणसं बघ, कळेल. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकताना आम्हाला लेझीम, लाठी, मल्लखांब, कुस्ती, धावणं सगळंच करावं लागे. १९१४ पासूनची ती संस्था, १९३६ साली तिचे लोक बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी आपले खेळ दाखवून आले. तिथे मनावर ठसलं ते हेच, की एका अंगाला एकाच प्रकारानं राबवू नये. त्यात सांध्यांचाही फायदा आहे. रोज तीच हालचाल केली की भार त्याच सांध्यावर येत राहतो, प्रकार बदलले की तो वाटला जातो.

आता तुझ्यापुरतं सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम असं सांगितलंय. पासष्टीच्या पुढे तोल आणि ताकद यांचा मिळून व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. चालण्याचं तुझं भागतंय. त्यातला एक दिवस अंबाझरीऐवजी सेमिनरी हिल्सचा चढ घे. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका दम लागू दे. दोन दिवस, मध्ये विश्रांतीचा दिवस टाकून, भिंतीशी टेकवलेल्या खुर्चीवरून हात न लावता आठ-दहा वेळा उठायचं आणि सावकाश बसायचं. ‘सावकाश’ महत्त्वाचं, बसताना धपकन पडू नकोस. मग ओट्याला हात टेकून जोर. मग रबराचा व्यायामपट्टा खिडकीच्या गजात अडकवून दोन्ही कोपरं मागे ओढायची. शेवटची दोन आवर्तनं जड जायला हवीत. सोपं वाटू लागलं की पट्टा बदल. बागेतल्या ओपन जिममधली बरीचशी यंत्रं नुसती झुलतात, त्यांत वजन वाढवता येत नाही, त्यांच्या भरवशावर राहू नकोस. तिसऱ्या दिवशी ओट्याजवळ एका पायावर उभं राहायचं, हात ओट्यापासून चार बोटांवर.

आकडे मोठ्यानं मोजत कर. मोजताना श्वास कोंडला जात नाही, आणि श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. सुरू करण्याआधी हे पत्र डॉक्टरांना दाखव, त्यांना ईसीजी किंवा ट्रेडमिलवर चालवून तपासायचं असेल तर तपासू दे. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, यांतलं काही झालं तर ‘गॅस असेल’ म्हणत घरी बसायचं नाही, तडक हॉस्पिटल. आपल्याकडे हृदयविकाराचा पहिला झटका इतर बहुतेक देशांपेक्षा बराच लवकर येतो, हे ५२ देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं आहे. म्हणून हे पत्र मुलालाही वाचायला दे, तो चाळिशीतच दिवसभर कॉम्प्युटरसमोर असतो. आणि उन्हाळ्यात, रायपूर काय नि नागपूर काय, सात वाजायच्या आत सगळं उरकायचं. त्वचेकडे रक्त धाडून अंग थंड ठेवायचं काम हृदयावर आधीच असतं.

वहिनींना वगळू नकोस. बायकांची हाडं पाळी गेल्यावर झपाट्यानं विरळ होतात आणि त्यांना वजनाचा ताण मिळाला तरच ती तग धरतात. देवळापर्यंत चालून येणं त्यांना पुरणार नाही. मी दोन पट्टे कुरिअर करतेय, पिवळा हलका आहे तो त्यांचा, लाल तुझा. गज गंजलेला असेल तर त्यात अडकवू नका, आधी ओढून बघा. पोचले की फोन कर.

तुझी
धाकटी बहीण