आडवा बर्फ, उभी वाट

पुण्यात बर्फ पडत नाही. शिवाजीनगर वेधशाळेतला नीचांक १.७ अंश सेल्सिअसचा, तोही जानेवारी १९३५ मधला. फार तर वळवात गारा पडतात. तरी कोथरूडच्या आमच्या घरात दुसऱ्या चहाबरोबर बर्फ येतोच, कारण वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्याला त्याच्यावाचून करमत नाही.

‘बर्फ, तीन अक्षरे’ म्हटलं की ‘तुहिन’ आणि ‘तुषार’ दोघेही हजर. पहिलं अक्षर ‘तु’ मिळालं तरी उपयोग शून्य. शेवटच्या घरातून उतरणाऱ्या उभ्या शब्दातून ‘न’ येतोय की ‘र’, हे कळेपर्यंत पेन टेकवायचं नाही. शिवाय ‘प्रालेय’ दबा धरून असतोच. जोडाक्षर एकाच घरात मावत असल्याने तोही तीन अक्षरीच. सासूबाईंना हे सगळे शब्द तोंडपाठ. लहानपणी वडिलांनी अमरकोश घोकून घेतला होता आणि त्यात ही मंडळी शेजारी शेजारीच बसलेली आहेत. खरा बर्फ मात्र त्यांनी फ्रिजमध्येच पाहिला.

इंग्रजी कोडेवाल्यांचं बरं असतं. आर्थर विनने १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात पहिलं कोडं छापलं, त्याला सव्वीस अक्षरांत भागवता आलं. आपल्याकडे आडव्यातला ‘षा’ उभ्यातही काना धरूनच यावा लागतो. म्हणून आपल्या कोड्यांत काळी घरं जास्त आणि हक्काची अक्षरं कमी.

आमचं घोडं अडतं ते वाटांपाशी. ‘पादचाऱ्यांचा रस्ता, चार अक्षरे’, शेवटी ‘थ’. मी ‘फुटपाथ’ म्हणते, सासूबाई ‘पदपथ’. एकदा ‘चालण्याची वाट, तीन अक्षरे’ आलं, पहिलं अक्षर ‘पा’.

“पाखाडी!” त्या लगेच म्हणाल्या. माहेर गुहागरचं, घरापासून देवळापर्यंत जांभ्या दगडाची, पायऱ्यापायऱ्यांची वाट.

“आई, ‘पाणंद’ही बसतंय की,” मी म्हटलं. माझं आजोळ सांगली जिल्ह्यातलं, तिथे दोन शेतांमधून बैलगाडी जाते ती पाणंद.

“बैलगाडी जाते ना? मग चालण्याची वाट कशी होईल?”

यावर मी गप्प. पण मधलं घर ‘णं’ निघालं आणि पाणंदच बसली. ‘चालण्याची’ म्हणणारा माणूस पाणंदीतून कधी गेला नसावा, असं सासूबाईंचं मत पडलं. २०२१ मध्ये राज्य सरकारने शेत-पाणंद रस्त्यांची योजना काढली, तेव्हापासून निदान हा शब्द बातम्यांत तरी दिसतो. पाखाडीला तेवढंही भाग्य नाही.

तर कोडी रचणाऱ्यांना एक विनंती: बर्फ थोडा आवरा. बोळ, पाखाडी, पाणंद, घाटी हे शब्द अधूनमधून टाका आणि प्रत्येक वाटेवरून कोण जातं, तेही नीट विचारून घ्या. गुहागरकडच्या वाटांबद्दल विचारायचं असेल, तर सासूबाई सकाळी दहापर्यंत मोकळ्या असतात.