काकूंचा कढीपत्ता आणि माझं "मस्त"



थंडी सुरू झाली की एक प्रश्न हमखास येतो. "आमचा कढीपत्ता पिवळा पडतोय, काय करू?" मग लगेच उपाय सुरू होतात. ताक घाला, एप्सम सॉल्ट घाला, गंजका खिळा पुरा, दृष्ट काढा. यातले सगळे उपाय (दृष्ट सोडून) मी एकाच झाडावर एकाच महिन्यात करून बसलोय. आणि झाड माझं नव्हतं. तेव्हा या विषयावर चार शब्द बोलायचा अधिकार मी कमावलाय असं समजतो.

आम्ही मिनियापोलिसच्या एका उपनगरात राहतो. दोन गल्ल्या सोडून काकू राहतात. नात्याच्या नाहीत, पण इथे आलेल्या प्रत्येक मराठी माणसाच्या काकू. १९७९ पासून इथे आहेत. त्यांच्याकडे सोळा वर्षांचं कढीपत्त्याचं झाड आहे, इथल्याच एका तमिळ बाईंनी दिलेल्या फुटव्यापासून वाढवलेलं. उन्हाळ्यात डेकवर, थंडीत घरात. उंची साडेपाच फूट, म्हणजे काकूंपेक्षा जास्त. गणपतीच्या आमटीला, कुणाच्या डोहाळजेवणाला, फांदी काकूंकडची. पाकिटातला कढीपत्ता दुकानात मिळतो हो, पण काकूंची फांदी घरात आली की बायको आधी दोन मिनिटं नुसती वास घेत उभी राहते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये काकू गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला बहिणीकडे निघाल्या. परत येणार एप्रिलमध्ये. झाड कुणाकडे ठेवायचं? आमच्याकडे काचेचा मोठा दक्षिणेचा दरवाजा आहे म्हणून माझी निवड झाली. मी खूश. काकूंनी एक कागद दिला. त्यावर एकच ओळ होती, "पाणी कमी." मी विचारलं, "कमी म्हणजे आठवड्यातून किती, काकू?" म्हणाल्या, "अरे, ते झाडाला विचार."

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. झाडाला काय विचारणार? फोनवर रिमाइंडर लावला, दर दोन दिवसांनी एक तांब्या.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात खालची दोन पानं पिवळी झाली. मला वाटलं तहान लागली असेल. पाणी वाढवलं. आणखी पिवळी झाली. मग मी पेटलो. गारठा लागत असेल म्हणून कुंडी सरकवून हीटिंगच्या जाळीशेजारी ठेवली. आईला फोन केला, ती म्हणाली आंबट ताक घाल. घातलं. (अंगणातल्या झाडाला ताक ठीक असेल. डिसेंबरात बंद घरात, ओल्या मातीत ताक म्हणजे चिलटांना जाहीर आमंत्रण. आठवडाभर आमच्या घराला नासलेल्या दह्याचा वास होता आणि चहात चिलट.) मग एप्सम सॉल्ट. मग खिळा. मग दुकानातलं निळं खत, लिहिलंय त्यापेक्षा जरा सढळ हाताने. बायको म्हणाली, "तू झाडाला औषध देतोयस की नैवेद्य दाखवतोयस?" नाताळापर्यंत नुसता धक्का लागला तरी पानांचा सडा पडायला लागला.

आणि दर रविवारी काकूंचा फोन.

"झाड कसं आहे रे?"

"मस्त, काकू. तुमचा गुडघा?"

"मस्त."

एका रविवारी म्हणाल्या, "फोटो पाठव बघू एक." मंडळी, मी त्यांना झाड आलं त्या दिवशीचा फोटो पाठवला. कबूल करतोय. "छान आहे हो," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्या रात्री मला झोप नाही. नवीन रोप आणून ठेवावं हा विचारही आला. पण साडेपाच फुटी झाड आणायचं कुठून? शिवाय कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. लिंबू-संत्र्यांचा रोग पसरवणारी एक बारीक कीड याच्यावरही राहते, त्यामुळे फ्लोरिडा, कॅलिफोर्निया, टेक्सास अशा राज्यांतून रोपं हलवण्यावर बंधनं आहेत. थोडक्यात, चोरी पचण्यासारखी नव्हती.

जानेवारीत दिवा घ्यायला म्हणून एका हायड्रोपोनिक्सच्या दुकानात गेलो. मिनेसोटात १ ऑगस्ट २०२३ पासून एकवीस वर्षांवरच्या माणसाला घरी गांजाची आठ झाडं ठेवता येतात, त्यातली फुलावर आलेली चारच. तेव्हा त्या दुकानात माझ्यासारखा पन्नाशीचा, टोपी-मफलरवाला, अपराधी चेहऱ्याचा माणूस कशाला आलाय हे काउंटरवरच्या पोराने क्षणात ओळखलं. म्हणजे त्याला तसं वाटलं.

"पानं पिवळी पडतायत," मी म्हणालो.

"मातीत आहे की पाण्यात?"

"मातीत."

"नवी पानं की जुनी?"

मी गप्प. मला "पिवळी" एवढंच माहीत होतं. त्याने एक कागद ओढला आणि झाडाचं चित्र काढून मला जे शिकवलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. झाडाला नायट्रोजन किंवा मॅग्नेशियम कमी पडलं तर ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी होतात. पान सरसकट पिवळं पडलं तर नायट्रोजन, शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला तर मॅग्नेशियम. लोह मात्र जुन्या पानातून हलवता येत नाही, म्हणून ते कमी पडलं की शेंड्याची नवी पानं फिकी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. बारीक पिवळे ठिपके असतील तर पान उलटं करून बघायचं, जाळं दिसलं तर कोळी आहे. "आणि यातलं काहीही ठरवायच्या आधी," तो म्हणाला, "मातीत बोट घाल. कारण मुळं बुडाली असतील तर वरची सगळी लक्षणं दिसतात, आणि खत कितीही घातलं तरी झाडाला ते घेताच येत नाही."

निघताना मी खरं काय ते सांगितलं. कढीपत्ता म्हणजे काय हे त्याला समजवायला पाच मिनिटं लागली. त्याचा विश्वास बसला की नाही, देव जाणे :-)

घरी येऊन भिंग घेऊन बसलो. खालची पानं सरसकट पिवळी. शेंड्याची फिकी, शिरा हिरव्या. टोकं करपलेली. ठिपके नाहीत, जाळं नाही. बोट घातलं तर दोन इंच खाली चिखल, आणि वास डबक्याचा. दुकानातून आणलेल्या मीटरवर मातीचा सामू पावणेआठ, या झाडाला साधारण सहा ते साडेसहा बरा. म्हणजे एकच बिघाड नव्हता. काही मुळातले, काही मी घातलेले, आणि कुठला कुठला हे आता कळायला मार्ग नव्हता. ऑफिसात ज्युनियर पोरांना मी रोज ओरडतो, एका वेळी एकच बदल करा म्हणून!

मग रविवारची वाट न बघता पुण्याला फोन लावला.

"काकू, झाड मस्त नाहीये."

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाल्या, "ते मला माहितीये. तू पाठवलेल्या फोटोत दरवाजाबाहेर हॅलोवीनचा भोपळा होता. नाताळात कुणाच्या डेकवर भोपळा असतो?"

काय बोलणार?

"पाणी कुठल्या नळाचं घालतोस?" त्यांनी विचारलं. आणि तिथे एक गाठ सुटली. आमच्याकडे विहिरीचं जड पाणी येतं, म्हणून घरात सॉफ्टनर बसवलेला. तो कॅल्शियम, मॅग्नेशियम काढून घेतो आणि सोडियम सोडतो. कपड्यांना उत्तम, कुंडीला वाईट. वर पाण्याचा अल्कधर्मीपणा तसाच राहतो, त्यामुळे मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. काकू थंडीभर बादलीत बर्फ आणून, घरात वितळवून, कोमट झाल्यावर घालतात. सोळा वर्षं. कागदावर लिहिलं नाही, कारण त्यांच्या मते ते कुणालाही सुचेल.

पुढचं त्यांनी फोनवर बसून करून घेतलं. कुंडीतून झाड काढलं. काळी, लिबलिबीत मुळं कात्रीने कापली, पांढरी आणि घट्ट ती ठेवली. निम्मी मुळं गेली. म्हणून वरचंही निम्मं छाटायला लावलं, कारण एवढ्या मुळांना तेवढं झाड पोसवणार नाही. माझा हात चालेना. "काप," त्या म्हणाल्या. नवी भुसभुशीत माती, त्यात परलाइट, खाली भोकं मोकळी. खत नाही. काही म्हणजे काहीच नाही. हीटिंगपासून लांब, काचेपासून हातभर आत, आणि वर दिवा बारा तास, कारण डिसेंबरात आपल्याकडे दिवसच जेमतेम पावणेनऊ तासांचा. पाणी कधी? कुंडी उचलून बघायची. हलकी लागली आणि दोन इंच माती कोरडी असली तरच.

आणि एक महत्त्वाचं सांगितलं. पिवळं झालेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, त्याची वाट बघू नकोस. नवं काय येतं ते बघ.

फोन ठेवताना म्हणाल्या, "माझे पण टाके चिघळले होते रे. तीन आठवडे पडून होते. मीही तुला मस्तच म्हणत होते." आणि हसल्या. मला हसू आलं नाही. दर रविवारी आम्ही दोघं जवळजवळ तेरा हजार किलोमीटरवरून एकमेकांना "मस्त" म्हणत होतो, तेव्हा एकाची मुळं कुजत होती आणि दुसरीचे टाके. आपण सगळेच हे करतो, नाही का? आई-बाबांशी बोलताना तर रोज. माझ्या आईने ताक सुचवलं, कारण मी तिला एवढंच सांगितलं होतं की "जरा पिवळं पडलंय". पाणी वाढवलंय हे सांगितलंच नव्हतं. अर्धी लक्षणं लपवली की धन्वंतरीलाही निदान करता यायचं नाही.

पुढचे सात आठवडे कुंडीत नुसत्या काठ्या होत्या. मी रोज नखाने साल किंचित खरवडून बघायचो. खाली हिरवं दिसलं की जीव आहे. मार्चच्या शेवटी एका काठीवर टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी लालसर-हिरवं आलं. त्या दिवशी फोटो पाठवला, समोर त्या दिवशीचं वर्तमानपत्र धरून.

एप्रिलमध्ये काकू आल्या, काठी टेकत. झाड आता त्यांच्यापेक्षा बुटकं होतं. मुळं सोडवताना निघालेले दोन फुटवे मी वेगळे लावले होते, त्यातला एक जगला. तो माझ्याकडेच ठेव म्हणाल्या. बाकी रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं.

काकू दुसऱ्या गुडघ्यासाठी पुन्हा जाणार आहेत, आणि झाड माझ्याकडेच येणार आहे. कागद आधीच मिळालाय. त्यावर आता दोन ओळी आहेत.

"पाणी कमी. फोटो दर रविवारी, वर्तमानपत्रासकट. मीही गुडघ्याचा पाठवीन."

फार लांबलं. चूकभूल द्यावी घ्यावी. आणि त्या रिमाइंडरचं विचाराल तर तो अजून आहे, दर दोन दिवसांनी वाजतो. फक्त "पाणी घाल"च्या जागी आता "कुंडी उचल" असं लिहिलंय.