त्रिशूरच्या गल्लीत विट्याची भट्टी

पालघाटच्या खिंडीतून गाडी बाहेर पडली आणि खिडकीतला मुलूखच बदलला. सोलापुरात पुणे–कन्याकुमारी गाडीत बसल्यापासून वाडी, रायचूर, गुंतकल असा उन्हानं करपलेला, आपल्याच ओळखीचा पट्टा दिसत आला होता. आता दोन्ही अंगांना पाण्यानं भरलेली भातखाचरं होती. त्यांच्या पलीकडे माड, माडांच्या आत घर, घरामागे विहीर आणि विहिरीत वाकून हात घातला तर भिजेल इतक्या वर आलेलं पाणी. मी येरमाळ्याचा. बालाघाटाच्या डोंगररांगेत, येडाईच्या, म्हणजे येडेश्वरी देवीच्या, पायाशी आमचं गाव. पाणी दिसलं की ते कुठवर पुरेल हा हिशेब आमच्या मनात आपोआप सुरू होतो. इथे मैलोन् मैल पाणी सरत नव्हतं आणि माझा हिशेब जमत नव्हता.

त्याहून मोठं नवल पुढेच होतं. अशा पाण्याच्या, पिकाच्या राज्यातून माणसं बाहेर कशाला जातील? पण जातात. २०२३ च्या केरळ स्थलांतर सर्वेक्षणानुसार सुमारे २२ लाख केरळी परदेशात आहेत, बहुतेक आखातात. आणि जितके गेले, जवळजवळ तितकेच दुसरीकडून इथे आले. तिरुअनंतपुरमच्या गुलाटी संस्थेनं २०१३ मध्ये केलेल्या पाहणीत केरळातल्या परप्रांतीय कामगारांचा आकडा २५ लाखांच्या आसपास काढला होता. बंगाल, आसाम, ओडिशा, बिहार इथून आलेली ही माणसं. सरकारी कागदावर त्यांना ‘अतिथी कामगार’ म्हणतात. पाव्हण्याच्या नात्यानं मजुराची नोंद करणारं सरकार मी पहिल्यांदाच पाहत होतो.

येरमाळ्यातून माणसं का जातात हे मला कुणी शिकवायला नको. धुळे–सोलापूर महामार्ग गावाला लागूनच जातो. दसरा झाला की त्या रस्त्यानं ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या निघतात. त्यांत पिठाचे डबे, ताडपत्र्या, कोपीचे बांबू, एखादी शेळी, झोपलेली लेकरं. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सांगली, कोल्हापूर, कर्नाटक जिथे टोळी जाईल तिथे ऊस तोडायचा आणि चैत्राच्या तोंडावर परत यायचं. चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते, पालखी आमराईत येते, लोक शेतातून चुन्याचे खडे वेचतात. त्या गर्दीत फडावरून नुकते परतलेले चेहरे ओळखू येतात. पश्चिम महाराष्ट्राची साखर या माणसांच्या हातून जाते. तिथले कारखाने, बँका, शिक्षणसंस्था ज्या पैशावर उभ्या राहिल्या त्यात या कोयत्यांचाही वाटा आहे, आणि तो मोजताना कुणी दिसत नाही.

परक्यानं येऊन गावाचं भाग्य बदलल्याचा दाखला आम्हाला लांब शोधायला नको. सोलापूर आमच्या रस्त्यावरचं शहर. १९४८ पर्यंत येरमाळा निजामाच्या राज्यात आणि बार्शी-सोलापूर १९४७ पर्यंत इंग्रजांच्या, म्हणजे आमच्या आज्यांसाठी बार्शीचा बाजार परराज्यातला होता. तीच हद्द ओलांडून तेलंगणातले पद्मशाली विणकर सोलापुरात आले. दुष्काळ मागे होता आणि १८७७ साली सुरू झालेली कापडगिरणी पुढे होती. तेलुगू बोलणाऱ्या या घरांनी हातमाग आणले, पुढे यंत्रमाग घातले, आणि सोलापुरी चादर देशभर गेली. आज तिला भौगोलिक मानांकन आहे. बायकांनी विड्या वळून घरं चालवली. सोलापूरच्या पूर्व भागात फिरताना कानावर तेलुगू पडतं आणि तरीही तो भाग सोलापूरचाच वाटतो. ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं, त्यांनी गावाला नाव मिळवून दिलं.

हे सगळं डोक्यात घेऊन मी त्रिशूरला उतरलो. गावाच्या मधोमध वडक्कुन्नाथनचं देऊळ, त्याच्याभोवती झाडांचं मोकळं मैदान, मैदानाला वळसा घालणारा गोल रस्ता आणि त्या रस्त्यावरून फुटणाऱ्या सगळ्या वाटांवर सोनं. देशभर शाखा असलेल्या कल्याण ज्वेलर्सचं पहिलं दालन इथलंच, १९९३ चं. पुत्तनपळ्ळी चर्चचा मनोरा पाहायला मान पार मागे टाकावी लागते. मी तसा उभा असताना बाजूच्या गल्लीतून आवाज आला, “आरं, मूस तापू दे की नीट! घाई कशाला करतुयास?”

बसवरच्या पाटीचं एक अक्षर मला लागत नव्हतं अशा गावात सांगलीकडची बोली ऐकून मी आवाजाच्या दिशेनं चालतच सुटलो. दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात भट्टी, वर धूर ओढणारं धुरांडं, भिंतीवर शिवाजी महाराजांची तसबीर आणि शेजारी सांगली जिल्ह्यातल्या विट्याच्या एका दुकानाची दिनदर्शिका. गल्ल्यावर बसलेल्या गृहस्थांनी मला न्याहाळलं.

“पावणं, गाव कंचं?”

“येरमाळा. धाराशिव जिल्हा.”

“येडाईचं येरमाळं व्हय! माझी आई यायची चैतात. या, बसा. ए, पावण्यांस्नी चहा सांग.”

त्यांना सगळे तात्या म्हणत. खानापूर तालुक्यातले. ज्यांना आपल्याकडे गलाई बांधव म्हणतात त्यांतले एक. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ या कायम दुष्काळी तालुक्यांतून निघालेली ही माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. दिल्लीपासून केरळपर्यंत जिथे सराफ पेठ आहे तिथे बहुधा त्यांची भट्टी सापडते. हे मी वाचून होतो. पण मल्याळीत भाव करणारा, मराठीत पोराला रागावणारा आणि हिंदीत बंगाली कारागिराची चौकशी करणारा एकच माणूस समोर पाहणं ही गोष्ट वेगळी.

काम त्यांनी मला दाखवलं. गिऱ्हाइकानं आणलेला जुना दागिना, त्यात डाग लावलेला, तांबं मिसळलेलं. तो वितळवायचा, त्यात जवळपास तिप्पट चांदी घालायची आणि रस पाण्यात ओतून त्याचे दाणे पाडायचे. मग ते दाणे तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडमध्ये, उकळायचे. तांबूस पिवळा धूर उठतो. चांदी आणि तांबं विरघळून जातं आणि तळाशी विटेच्या चुऱ्यासारखी तपकिरी पूड राहते. ती पूड हेच शुद्ध सोनं, हे पाहूनही पटत नाही. ती गरम पाण्यानं धुऊन, टाकणखार घालून पुन्हा मुशीत वितळवली की डोळ्यांदेखत पिवळी होते. उरलेल्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की विरघळलेली चांदी परत खाली बसते. काही वाया जात नाही. सोनारांच्या दुकानातला केरसुद्धा हे लोक विकत घेऊन जाळतात आणि त्यातून सोन्याचा कण काढतात. आपल्याकडे झारेकरी पिढ्यान् पिढ्या हेच करत आले.

“याचा इथल्या लोकांना काय उपयोग?” मी विचारलं.

तात्यांनी समोरच्या माडीकडे बोट केलं. तिथे छोटे छोटे कारखाने, एकेका खोलीत चार-पाच कारागीर. त्यांच्याकडे मोठं भांडवल नसतं. पाच तोळे जुनं सोनं आलं तर ते मोठ्या शुद्धीकरण कारखान्याला पाठवून वाट पाहणं त्यांना परवडत नाही. तात्या काही तासांत टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढून शुद्ध सोनं हातात देतात. म्हणजे तेच पाच तोळे महिन्यात कितीतरी वेळा फिरतात, प्रत्येक फेरीला मजुरी निघते. आता साखळी पाहा. सोनं बरंचसं आखातात राबणाऱ्या मल्याळी माणसाच्या पैशाचं. गाळणारा सांगलीकडचा. घडवणारा पुष्कळदा बंगालचा. विकणारा त्रिशूरचा, आणि त्याचं दालन मुंबई-पुण्यातही. या साखळीतली कुठलीही एक कडी आपल्याच गावात बसून राहिली असती तर हा बाजार एवढा वाढला नसता असं मला तिथे उभं राहून लख्ख दिसलं.

तात्यांच्या दुकानाचा जमाखर्च आणि जीएसटीचं काम एक स्थानिक मुलगी करते. जागा मल्याळी मालकाची. शेजारच्या म्हाताऱ्या सोनाराला मी तात्यांमार्फत विचारलं की यांच्यामुळे तुमच्या लोकांचं काम गेलं का. तो म्हणाला, त्याचे दोन्ही मुलगे दुबईत आहेत. तेजाबाजवळ बसायला घरातलं कुणी तयार नव्हतं. “हे आले म्हणून माझं दुकान उघडं राहिलं.”

तात्यांची हकीकत त्यांनी संध्याकाळी सांगितली. वडील १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेले. तात्या सोळाव्या वर्षी मामाबरोबर कोइम्बतूरला आले. पहिली दोन वर्षं झाडलोट, सगळ्यांचा स्वयंपाक, भट्टीला वारा. तेजाबाला हात लावू दिला नाही. मग एकेक काम हाती आलं. दागिना हातात घेऊन रंगावरून अंदाज बांधायला शिकले. पुढे मामानंच पैसे दिले आणि त्रिशूरला दुकान घालून दिलं. कागद नाही, व्याज नाही. जमेल तसे फेडले. आता तात्यांच्या हाताखाली शिकलेल्या पोरांची दुकानं तमिळनाडूत आहेत. यातला पैसा गावाकडे परत गेला. विट्याचे यंत्रमाग, भागातली पोल्ट्री, द्राक्ष-डाळिंबाच्या बागा यांत बाहेरच्या कमाईचा हात आहे. टेंभू योजनेचं कृष्णेचं पाणी तर नंतर पोचलं.

यात दुःखही आहे. धुरानं छाती भरते, दात खराब होतात. चोरीचं सोनं कुठे सापडलं की पहिला संशय गाळणाऱ्यावर. २०१७ चा जीएसटी, २०२१ मध्ये सक्तीचं झालेलं हॉलमार्क आणि मोठ्या यंत्रांचे कारखाने यांनी लहान भट्ट्यांचं काम घटवलं आहे. गावाकडे बांधलेला बंगला दिवाळी सोडली तर कुलपात. मुलांची शाळा मल्याळी. ती आजीशी फोनवर अडखळत मराठी बोलतात.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी बसनं पेरुंबावूरला गेलो. रबराच्या लाकडापासून प्लायवूड करणाऱ्या कारखान्यांचं हे गाव. सुट्टीमुळे सगळा बाजार बंगाली, उडिया, असमिया बोलत होता. पाट्या बांगला लिपीत. मजूर म्हणून आलेल्यांपैकी कुणी मोबाइल दुरुस्ती घातली होती, कुणी केशकर्तनालय, कुणी माशा-भाताची खानावळ. रिझर्व्ह बँकेच्या २०२२-२३ च्या आकड्यांत केरळच्या ग्रामीण बांधकाम मजुराची दिवसाची मजुरी ८५० रुपयांवर आहे आणि देशाची सरासरी ४०० च्या आत. हातात रोख आठवडा आला की माणूस काहीतरी सुरू करायचा विचार करतो. एका खोलीत दहा-दहा जण राहतात, तेही मी पाहिलं, आणि ते वाईट आहे. पण त्याच जिल्ह्यातल्या सरकारी शाळांत या कामगारांच्या मुलांना आधी त्यांच्या भाषेतून शिकवण्यासाठी ‘रोशनी’ नावाचा उपक्रम सुरू झाला, आणि कामगारांसाठी २०१७ मध्ये ‘आवाज’ ही आरोग्य विमा योजना आली.

तिथे बाकावर बसून मला आमच्या ट्रॉल्या दिसत राहिल्या. आमची माणसं कष्टाला कमी नाहीत. पहाटे तीनला उठून, थंडीत मोळ्या डोक्यावर घेऊन उभ्या शिडीवरून ट्रॉलीत चढणारी बाई कुठल्याही धंद्यात टिकेल. गलाईवाला आणि ऊसतोड्या एकाच दुष्काळाची लेकरं. मग एकाचं दुकान का झालं आणि दुसऱ्याची पुढची पिढीही फडावर का? मला वाटतं, तात्यांच्या मामानं भाच्याला आधी काम शिकवलं आणि मग पैसे दिले. मुकादम आधी पैसे देतो आणि ते फिटेपर्यंत काम करून घेतो. पहिल्याच्या कर्जातून दुकान निघालं, दुसऱ्याच्या कर्जातून पुढची उचल. त्यात दर हंगामाला फड वेगळा, कोपी वेगळी. कुठल्या गावात मुळं धरून चार माणसांचा विश्वास कमवायला सवडच नाही. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती हवीच होती. पण दरवाढीनं हात मोकळा होत नाही. शिकायला आणि चुकायला दोन वर्षं मिळाली तर होतो.

परत निघायच्या आदल्या रात्री मी तात्यांना सरळ विचारलं, “आमच्याकडची दोन पोरं पाठवली तर शिकवाल?”

त्यांनी हिशेबाची वही मिटली. “भट्टीचं दिवस आता थोडं ऱ्हायल्यात. पण टंच काढायचं यंत्र आलंय, हॉलमार्कचं काम हाय, त्ये शिकवीन. दावी पास असावा. दोन वरसं खाऊन-पिऊन ऱ्हायचं, पगार इचारायचा न्हाई. आन् एक बघा, पावणं, घरच्यांनी उचल घेतल्याली नसावी. न्हाईतर सा महिन्यांत बाप न्यायला येतोय.”

मी येरमाळ्यातल्या चार पोरांची नावं मनात आणली होती. त्यांतल्या तिघांच्या घरी उचल येऊन खर्चही झाली होती. चौथ्याच्या आईला मी तात्यांच्या दुकानातूनच फोन लावला आणि तात्यांच्या हातात दिला.