महाराजांचं खातं

विमानाशी माझा संबंध मान वर करण्यापुरताच. पालीवरून विमान गेलं की आमच्या शाखेतले निम्मे खातेदार रांग सोडून बाहेर धावतात आणि उरलेले निम्मे त्यांच्या जागा पटकावतात. आमच्या बीडला रेल्वे यायलाच २०२५ साल उजाडलं; तेव्हा विमानाची घाई आम्हां पालीकरांना नाही.

पण मी पडलो बी.कॉम.! दुसऱ्याचा ताळेबंद दिसला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. एअर इंडियाचा हिशेब मी एका दुपारी डब्याबरोबर वाचायला घेतला आणि पोळीचा घास हातातच राहिला.

जे. आर. डी. टाटांनी १९३२ साली कराचीहून मुंबईला विमानाने टपाल आणलं आणि हा संसार मांडला. १९५३ साली सरकारने तो ताब्यात घेतला. पुढे १११ विमानांची ऑर्डर दिली, तीही बव्हंशी उधारीवर. आणि २००७ साली इंडियन एअरलाइन्स व एअर इंडिया या दोन भावांची चूल एक केली. चूल एक झाली, भांडी मात्र दोन्हीकडची राहिली. बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. मुद्दल झोपतं, व्याज रात्रपाळी करतं.

२०२१ साली विक्रीच्या वेळी तोटा होता दिवसाला सुमारे २० कोटी. म्हणजे मिनिटाला एक लाख अडतीस हजार! मी शंभराच्या नोटांचं एक बंडल मोजून होईपर्यंत महाराजांचे साठ-सत्तर हजार हवेत.

त्याच वेळी काउंटरवर एक मामा येऊन बसले. दुष्काळात पीककर्ज थकलेलं. त्यांचीच नोटीस माझ्यासमोर होती. विषय टाळावा म्हणून मी त्यांना विमानाचं सांगू लागलो.

"आपल्याकडे एसटी आणि काळी-पिवळी, तसंच हे मामा. २००६ साली इंडिगो आली. बहुतेक विमानं एकाच जातीची, म्हणजे सुटे भाग तेच आणि मेस्त्रीही तोच. उतरलं की झटपट परत उड्डाण. चहा हवा तर पैसे मोजा. आज देशातले दहातले साधारण सहा प्रवासी तिच्याकडे."

"मंग महाराजाचं काय झालं?"

"२०१८ साली विकायला काढलं, एक गिऱ्हाईक फिरकलं नाही. २०२१ साली टाटांनीच अठरा हजार कोटींना घेतलं. रोख २,७०० कोटी, बाकी १५,३०० कोटींचं कर्ज अंगावर घेतलं."

"समदं कर्ज तेवढंच?"

"नाही. एकूण ६१,५६२ कोटी."

"आन् राह्यलेलं?"

"ते एका सरकारी कंपनीच्या नावावर टाकलं."

"म्हंजी कुणाच्या?"

मी चष्मा पुसला. "म्हणजे... आपल्याच, मामा."

"आपल्या? म्या तर इमान जवळून पाह्यलं बी नाही!"

"काडेपेटी घेतली तरी कर जातोच की."

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग नोटिशीकडे बोट करून म्हणाले, "महाराजाचं म्या फेडायचं. ठीक. पर माझं कोण घेतंय अंगावर, तेवढं बघा की साहेब."

बी.कॉम.ला हा प्रश्न नव्हता. मामांनी नोटीस घेतली, घडी घालून टोपीत ठेवली आणि पोचपावतीवर सही केली. नोटिशीचा खर्च कर्जदाराच्या खात्याला नावे टाकायचा असतो. तेवढा त्या दिवशी मी टाकायचा विसरलो.