पाच भाकरी, दोन मासळ्या

अमेरिकेत मुलांना घरीच शिकवणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी निघालेली बालवाडीची गणिताची पुस्तकं चाळली, तर काही गोष्टी पुन्हा पुन्हा भेटतात. नोहाच्या तारवात जोडीजोडीने चढणारे प्राणी, सृष्टी घडवण्याचे सहा दिवस आणि विसाव्याचा सातवा, दहा आज्ञा, शंभर मेंढरांतलं हरवलेलं एक, आणि एका मुलाजवळच्या जवाच्या पाच भाकरी व दोन मासळ्या. मुलाने चित्रातल्या भाकरींवर एकेक बोट ठेवत मोजायचं, पुढ्यातले तेवढेच राजम्याचे दाणे वेगळे काढायचे, मग पाचाचा आकडा गिरवायचा. हे पाहून कुणी विचारतं, गणितात देव कशाला आणायचा? कुणी म्हणतं, देवाला वगळून शिकवलेलं गणित अपुरंच. या वादात खरा प्रश्न बाजूलाच पडतो, असं मला वाटतं. पुस्तकात देवाचं नाव किती वेळा येतं, यावरून ते गणित म्हणून चांगलं की वाईट हे ठरत नाही. मुलाला स्वतःच्या हाताने मोजून खात्री करून घ्यायला त्यात किती वाव आहे, यावरून ठरतं. आणि ही कसोटी श्रद्धावान आईबापांनी तर इतरांपेक्षा जास्त आग्रहाने लावायला हवी.

आधी ‘पाच’ ही संख्या मुलाच्या आयुष्यात कशी येते ते पाहू. दोन वर्षांचं मूल एक, दोन, तीन, पाच असं बडबडगीत म्हटल्यासारखं म्हणतं. त्या शब्दांचा वस्तूंशी अजून संबंध जुळलेला नसतो. रॉशेल गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली आलेल्या पुस्तकात मोजण्यामागची तत्त्वं उलगडून दाखवली. प्रत्येक वस्तूला एकच शब्द, शब्दांचा क्रम कायम, शेवटचा शब्द म्हणजे एकूण संख्या, कुठल्याही वस्तू मोजता येतात, आणि सुरुवात कुठूनही केली तरी बेरीज तीच. यातलं तिसरं तत्त्व फार कठीण. तीन वर्षांच्या मुलाने पाच दाणे बिनचूक मोजले आणि आपण लगेच विचारलं, ‘मग किती आहेत?’, तर पुष्कळदा ते उत्तर न देता पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं. ‘पाच’ हा त्याच्या लेखी शेवटच्या दाण्यावर म्हणायचा शब्द असतो, सगळ्या दाण्यांचा नव्हे. साधारण साडेतीन-चारच्या सुमाराला हा उलगडा होतो. त्यानंतरही दाण्यांची ओळ डोळ्यांदेखत लांबवली की ‘आता जास्त झाले’ असं सांगणारी पाच वर्षांची मुलं पुष्कळ असतात, हे मानसशास्त्रज्ञ पियाजेने कधीच दाखवून दिलं आहे. एवढी मजल मूल मारतं ते हाताने, चुकतमाकत, पुन्हा मोजून. कुठल्याही धर्माच्या वा धर्मातीत पुस्तकातलं वाक्य त्याच्यासाठी हे काम करू शकत नाही.

घराचा वाटा मात्र फार मोठा आहे. शिकागो विद्यापीठात सुसान लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी 44 मुलांच्या घरचं बोलणं ध्वनिचित्रित केलं, मुलं 14 ते 30 महिन्यांची असताना. 2010 मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की ज्या घरांत संख्यांचं बोलणं जास्त, त्या घरांतल्या मुलांना चौथ्या वर्षाच्या आसपास संख्येचा अर्थ जास्त चांगला कळलेला होता. पुढच्याच वर्षी त्याच नोंदींतून आणखी एक बारकावा पुढे आला. नुसतं ‘एक, दोन, तीन’ म्हणण्यापेक्षा समोर दिसणाऱ्या वस्तू मोजण्याचा आणि त्यांची एकूण संख्या सांगण्याचा उपयोग जास्त. याची दुसरी बाजू 2015 च्या एका अभ्यासात दिसते. ज्या पालकांना गणिताची धास्ती आहे, ते पहिली-दुसरीतल्या मुलांना वरचेवर गृहपाठात मदत करत असतील तर मुलं वर्षभरात कमी शिकतात आणि ती धास्ती मुलांतही उतरते. घरी शिकवणाऱ्या कुटुंबांनी हा निष्कर्ष डोळ्यांआड करू नये. तिथे तर मदतच नव्हे, सगळं शिकवणं आईबापांच्याच हाती असतं. पण त्याच वर्षी ‘सायन्स’मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासात एक वाट दिसते. झोपताना आईबापांनी मुलांबरोबर संख्यांची छोटी गोष्ट वाचली, तर मुलांचं गणित सुधारलं, आणि सर्वांत जास्त फायदा झाला तो गणिताला भिणाऱ्या पालकांच्या मुलांना. श्रद्धेच्या अभ्यासक्रमाचं खरं बळ मला इथे दिसतं. ज्या आईला गणिताची भीती वाटते, तिला बायबलातल्या गोष्टीची वाटत नाही. ती गोष्ट तिच्या तोंडात रुळलेली असते, ती प्रेमाने सांगते, आणि त्या ओघात बेरीज येऊन जाते.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावायचा, शुभंकरोति म्हणायची आणि तिथेच बसून परवचा म्हणायचा. पाढे, पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी. घरोघरी प्रार्थनेला जोडून गणित पाठ होत होतं. त्याची पोपटपंची म्हणून टर उडवणं सोपं आहे, पण ते अर्धंच खरं आहे. रात्री म्हटलेली पावकी दिवसा बाजारात पारखली जायची. आणे-पैशांच्या हिशेबात चुकलेला पावही कुणी चालवून घेत नसे. 1957 मध्ये दशमान नाणी आली, पुढे मापंही बदलली, तशी ही पारख गेली आणि परवचा नुसता म्हणण्यापुरता उरला. त्याच्याही कितीतरी आधी, 1150 साली, भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त कमळांचं उदाहरण घातलं आहे. एका राशीतला तिसरा भाग शंकराला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला, चौथा देवीला वाहिला आणि उरलेली सहा कमळं गुरुचरणी ठेवली, तर एकूण किती? उत्तर 120. यातल्या एकाही देवतेला न मानणाऱ्यालाही ते 120च येतं. पूजा गणिताला अडसर झालेली नाही आणि गणितानेही पूजेचं काही हिरावून घेतलेलं नाही.

अमेरिकेतल्या या पुस्तकांमागे मात्र एक जुनं भांडणही आहे. 1957 मध्ये सोव्हिएत संघाचा स्पुटनिक उपग्रह आकाशात गेल्यावर तिथल्या शाळांत घाईघाईने ‘नवं गणित’ आलं. लहान मुलांना संच शिकवायला लागले, आणि पालकांना मुलांच्या वह्या कळेनाशा झाल्या. त्याला विरोध सगळीकडूनच झाला, पण फ्लोरिडातल्या पेन्साकोलाहून निघणाऱ्या ‘अबेका’च्या पुस्तकांनी त्या विरोधाला धर्माची जोड दिली. गणित माणसाने रचलेलं नसून ईश्वराने घालून दिलेले अढळ नियम आहेत, म्हणून ते जुन्या पद्धतीने, पक्क्या घोकंपट्टीने शिकवावं, अशी ती भूमिका. यातलं पहिलं विधान मी खोडून काढणार नाही. गणिताचे तत्त्वज्ञ त्यावर आजही वाद घालतात. पण त्यातून घोकंपट्टी कशी निघते ते मला कळत नाही. खगोलशास्त्रज्ञ केप्लरचं उदाहरण याच्या नेमकं उलट आहे. भूमिती ही देवाच्या मनातलीच आहे, असं मानणारा हा श्रद्धाळू ल्युथरपंथी. मंगळाच्या कक्षेसाठी त्याने बसवलेली रचना टायको ब्राहेच्या नोंदींशी आठ कलांनी जुळेना. एक अंशाचे साठ भाग केले तर त्यातले हे आठ. दुसऱ्या कुणी ते सोडून दिले असते. देवाने टायकोसारखा निरीक्षक दिला असताना एवढी तफावतही दुर्लक्षून चालणार नाही, असं केप्लरने मानलं, वर्षानुवर्षांची मेहनत टाकून दिली आणि 1609 मध्ये लंबवर्तुळाकार कक्षा मांडली. सृष्टीत ईश्वराची शिस्त आहे असा ज्याचा विश्वास, त्याला मोजणीतली चूक जास्त खुपायला हवी. म्हणून ‘दोन आणि दोन चार का?’ या मुलाच्या प्रश्नाला ‘देवाने तसं ठरवलं म्हणून’ हे उत्तर मला अपुरं वाटतं. आधी दाणे पुढे सरकवावेत, मुलाला मोजू द्यावं. मग म्हणायचं ते म्हणावं.

अशा पुस्तकांवरचा सर्वांत वजनदार आक्षेप याहून वेगळा आहे. पाच वर्षांच्या मुलाला बेरीज आणि पंथाची शिकवण एकाच पानावर दिली, की बेरजेची खात्री शिकवणीलाही चिकटते. सहा दिवसांची सहा चित्रं मोजता मोजता सृष्टी सहाच दिवसांत झाली हेही त्याला मोजून सिद्ध झाल्यासारखं वाटतं. हा आक्षेप मला खरा वाटतो. चित्रं सहा आहेत हे मूल पडताळू शकतं. दिवस सहाच होते, हे नाही. ‘हे आपण मोजलं’ आणि ‘हे आपण मानतो’ ही दोन वाक्यं आईबापांनी वेगवेगळी उच्चारायलाच हवीत, आणि ज्या पुस्तकात ती एकमेकांत मिसळली आहेत ते पुस्तक मी गणितासाठी नाकारेन. पण हा भेद शिकवायला धर्मकथाच उपयोगी पडू शकते. योहानाच्या शुभवर्तमानात तो भाकरींचा प्रसंग नीट वाचावा. गर्दी पाच हजार पुरुषांची. फिलिप नावाचा शिष्य चक्क हिशेब करतो, की दोनशे दिनारांच्या भाकरी आणल्या तरी प्रत्येकाला घासभरही पुरायच्या नाहीत. पुढे सगळे पोटभर जेवतात आणि उरलेल्या तुकड्यांनी बारा टोपल्या भरतात. या कथेतला चमत्कार कुणाला दिसेल? पाच म्हणजे पाचच, आणि पाच हजारांना ते पुरत नाहीत, याची ज्याला पक्की खात्री आहे त्यालाच. संख्या हव्या तशा वाकत असत्या तर तिथे आश्चर्य करण्यासारखं काहीच नव्हतं. मूल विश्वास ठेवो वा न ठेवो, फिलिपचा हिशेब बरोबर होता हे त्याला आधी कळलं पाहिजे. आणि पाच भाकरी नि दोन मासळ्या मिळून सात झाल्या, असं सांगितल्यावर एखादं मूल ‘सात काय?’ असं विचारत असेल, तर त्या दिवशीचा धडा तिथेच थांबवून त्या प्रश्नावर वेळ घालवणं सगळ्यांत चांगलं.

हे सगळं इतकं महत्त्वाचं वाटण्याचं कारण म्हणजे या घरांवर बाहेरची देखरेख फार थोडी असते. 1993 पर्यंत घरी शिकवणं अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत कायदेशीर झालं. टेक्सससारख्या राज्यात तर सरकारला कळवावंही लागत नाही. मूल कुठे अडलं हे पाहणारं दुसरं कुणी नसतं, तेव्हा स्वतःची चूक स्वतः पकडण्याची सवय हीच त्याची राखण. ती सवय पाचव्या वर्षी लावली, तर पुढे ती पवित्र ग्रंथाच्या पानांवरही चालणार, आणि पालकांनी त्याची तयारी ठेवावी. बायबलातल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात इस्राएलाच्या बारा वंशांचे आकडे दिले आहेत. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला ती बेरीज सहज येते. करून पाहिली तर एकूण 6,03,550 भरते, ग्रंथात लिहिल्याप्रमाणेच. तिसऱ्या अध्यायात, त्या बारांत न धरलेल्या लेवी वंशाच्या तीन घराण्यांची संख्या आहे, 7,500, 8,600 आणि 6,200. एकूण मात्र 22,000 लिहिली आहे. मूल तीनशेंची तफावत घेऊन येईल. त्याला गप्प करायचं, की कागद पुढे ओढून त्याच्याबरोबर पुन्हा बेरीज मांडायची? यहुदी भाष्यकारांनी म्हटलं, की ते तीनशे स्वतःच प्रथमजात होते आणि इथे लेवी इतरांच्या प्रथमजातांच्या जागी मोजायचे होते, म्हणून त्यांना वगळलं. नंतरच्या अभ्यासकांना वाटलं की नक्कल करताना हिब्रूतलं एखादं अक्षर गळलं आणि 8,300 चे 8,600 झाले. कुठलं उत्तर पटतं ते घराघरावर आहे. पण दोन्हीकडच्या विद्वानांनी आधी बेरीज केली होती, आणि ती 22,300 येते हे मान्य केलं होतं.