रकान्यातला जोडीदार

अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातला जॉन आर्थर 22 ऑक्टोबर 2013 रोजी वारला. त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर हयात जोडीदाराच्या रकान्यात जिम ओबर्गेफेलचे नाव लिहायचे की तो रकाना कोरा ठेवायचा, यावरून जो दावा उभा राहिला होता, त्यातूनच पुढे सगळ्या अमेरिकेला समलिंगी विवाहाचा हक्क मिळाला. दोघे दोन दशके एकत्र राहत होते. जॉनला एएलएस झाला होता. स्नायू एकेक करून निकामी करणारा हा आजार. ओहायो राज्यात त्यांच्या लग्नाला बंदी होती, म्हणून मित्र आणि नातेवाइकांनी वर्गणी काढली, रुग्णवाहू विमान भाड्याने घेतले आणि 11 जुलै 2013 रोजी मेरीलँडमधल्या विमानतळावर, उभ्या विमानातच, त्यांचे लग्न लागले. लगेच दोघे घरी परतले. नंतर एका वकिलाने त्यांना मृत्यूच्या दाखल्याचा कोरा नमुना दाखवला. ओहायोच्या लेखी जॉन अविवाहितच मरणार होता.

मी संविधानाचा कायदा शिकवते. 26 जून 2015 चा हा निकाल, पाच विरुद्ध चार मतांनी झालेला, वर्गात आला की मुले प्रतिष्ठा, समता, स्वातंत्र्य असे मोठे शब्द घेऊन येतात. मी त्यांना आधी त्या दाखल्याकडे नेते. लग्नाचा हक्क रोजच्या जगण्यात दिसतो तो मृत्यूच्या आणि जन्माच्या दाखल्यावर, विम्याच्या अर्जावर, दवाखान्यातल्या संमतिपत्रावर. तो परत घ्यायचा झाला तर सगळ्यात सोपी वाट याच कागदांवरून जाते, आणि गेली दहा वर्षे ती वाट वापरली जाते आहे.

गाजावाजा मात्र दुसऱ्याच गोष्टींचा होतो. जानेवारी 2025 मध्ये आयडाहोच्या प्रतिनिधीगृहाने 46 विरुद्ध 24 मतांनी ठराव करून सर्वोच्च न्यायालयाला 2015 चा निकाल फिरवण्याची विनंती केली. त्याच वर्षी जूनमध्ये डॅलसला सदर्न बॅप्टिस्ट चर्चच्या अधिवेशनात तीच मागणी झाली. केंटकीतली किम डेव्हिस ही माजी क्लार्क 2015 मध्ये विवाहाचा परवाना द्यायला नकार देऊन काही दिवस तुरुंगात गेली होती. नुकसानभरपाईच्या निकालाविरुद्ध ती सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा तिने 2015 चा निकालच रद्द करा असेही मागितले. 10 नोव्हेंबर 2025 रोजी न्यायालयाने एका शब्दाचेही कारण न देता तिची याचिका नाकारली. अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला तितके हायसे वाटले नाही, कारण माझे लक्ष ह्यूस्टन आणि आर्कान्सावर होते.

ह्यूस्टन महापालिकेने आपल्या समलिंगी कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांना विम्यासारखे लाभ देऊ केले, त्यावर दोन करदात्यांनी दावा लावला. जून 2017 मध्ये टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, लग्नाला मान्यता द्यावी लागते हे खरे, पण त्या मान्यतेबरोबर कोणकोणते लाभ येतात हे 2015 च्या निकालाने ठरवलेले नाही. म्हणजे लग्न मान्य, पण त्यातून काय मिळते ते नंतर बघू. आर्कान्सात दोन विवाहित स्त्रियांपैकी एकीला मूल झाले की दुसरीचे नाव जन्मदाखल्यावर घालायला सरकार तयार नव्हते. स्त्री-पुरुषांच्या लग्नात मात्र नवऱ्याचे नाव आपोआप पडे, मूल दात्याच्या बीजापासून झालेले असले तरी. हे प्रकरण 2017 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या जोडप्यांच्या बाजूने सोडवले. ते मूल आजारी पडले, शाळेत घालायचे झाले, की दुसऱ्या आईची ओळख कायद्याला कोण म्हणून पटवायची, एवढ्या साध्या प्रश्नावर सरकार देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले. मला हा शुद्ध दुष्टपणा वाटतो, आणि तो नियमाच्या भाषेत बोलतो म्हणून अधिक धोक्याचा वाटतो.

या सगळ्यामागे एक कायदेशीर कसोटी आहे. जून 2022 मध्ये डॉब्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा जवळपास पन्नास वर्षांचा घटनात्मक हक्क काढून घेतला. युक्तिवाद असा की, संविधानात ज्याचा स्पष्ट उल्लेख नाही तो हक्क देशाच्या इतिहासात आणि परंपरेत खोल रुजलेला असला तरच टिकतो. बहुमताच्या निकालपत्राने इतर हक्कांना धक्का नाही असे बजावून सांगितले. पण न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी आपल्या स्वतंत्र मतात गर्भनिरोधन, समलिंगी संबंध आणि समलिंगी विवाह यांवरचे तीन निकाल नावे घेऊन फेरविचाराला लावले. 1967 चा लव्हिंग निकाल त्यांच्या यादीत नव्हता. गोऱ्या-काळ्यांच्या लग्नावरची बंदी उठवणारा हा निकाल लागला तेव्हा सोळा राज्यांत ती बंदी कायद्यात होती, आणि व्हर्जिनियात तिची मुळे सतराव्या शतकापर्यंत जात होती. इतिहासाचीच कसोटी लावायची तर बंदीच जास्त रुजलेली निघेल. आंबेडकरांनी जातीवरचा उपाय म्हणून आंतरजातीय विवाह सुचवला, त्या महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला ही कसोटी कुठे नेते ते वेगळे सांगावे लागत नाही. परंपरेने ज्यांना बाहेर ठेवले त्यांनी परंपरेतूनच दाखला आणावा, असा तिचा अर्थ होतो.

डॉब्सनंतर अमेरिकी संसदेने घाईने एक कायदा केला. 13 डिसेंबर 2022 रोजी राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी त्यावर सही केली. उद्या 2015 चा निकाल फिरला तरी एका राज्यात झालेले लग्न दुसऱ्या राज्याला आणि केंद्राला मानावे लागेल, अशी त्यात तरतूद आहे. स्वतःच्या हद्दीत परवाने देण्याची सक्ती मात्र कोणत्याही राज्यावर नाही, आणि निम्म्याहून जास्त राज्यांत जुनी बंदी कायद्यात किंवा राज्यघटनेत अजून छापलेली आहे. म्हणजे जॉन आणि जिमला पुन्हा विमानच शोधावे लागेल. लोकमतही बाजूला आहे, पण पूर्वीइतके एकसंध नाही. गॅलपच्या पाहणीत 2025 मध्ये 68 टक्के लोक समलिंगी विवाहाच्या बाजूचे होते, तर रिपब्लिकन मतदारांत काही वर्षांपूर्वी 55 टक्क्यांवर गेलेला पाठिंबा 41 वर आला होता.

मिळालेला हक्क काढून घेतला की काय होते, हे आपण तर अनुभवलेले आहे. 2 जुलै 2009 रोजी न्या. अजित प्रकाश शहा आणि न्या. मुरलीधर यांनी दिल्ली उच्च न्यायालयात कलम 377 मधून सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध वगळले. त्यानंतरच्या साडेचार वर्षांत माणसे आईवडिलांशी बोलली, कचेरीत बोलली, नाव-चेहऱ्यासह वृत्तवाहिन्यांवर बोलली. 11 डिसेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. अशी माणसे संख्येने अगदी थोडी आहेत आणि दीडशे वर्षांत दोनशेहून कमी खटले झाले, हे न्यायालयाला पुरेसे वाटले. एका दिवसात त्या सगळ्यांचे बोलणे गुन्ह्याची कबुली ठरले. जे कधी बोललेच नाहीत ते त्या दिवशी जास्त सुरक्षित होते, आणि कायद्यावर विश्वास टाकणाऱ्यांना त्या विश्वासाचीच शिक्षा झाली. हक्क मोजक्या लोकांचा असला तरी हक्कच असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या खासगीपणाच्या निकालात म्हटले, आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी कलमाचा तो भाग गेला. मधली जवळजवळ पाच वर्षे कोणी परत दिली नाहीत.

विवाहाचा हक्क आपल्याकडे अजून नाहीच. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने तो नाकारला, आणि जानेवारी 2025 मध्ये फेरविचाराच्या याचिकाही गेल्या. मिळाली ती काही परिपत्रके. ऑगस्ट 2024 मध्ये अर्थखात्याने स्पष्ट केले की, समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते काढायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. शिधापत्रिकेसाठी त्यांना एका घरातले धरावे, असेही केंद्राने राज्यांना कळवले. ही मदत खरी आहे आणि मी ती कमी लेखत नाही. पण परिपत्रक मागे घ्यायला संसद लागत नाही, न्यायालय लागत नाही, दुसरे परिपत्रक पुरते. शिवाय नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. नॉमिनीच्या हाती पैसे आले तरी त्यावर हक्क वारसांचा, आणि हिंदू वारसा कायद्यात आईवडील, भावंडे, त्यांची मुले, पार लांबचे भाऊबंद या सगळ्यांना जागा आहे. समलिंगी जोडीदाराला नाही.

म्हणून सल्ला विचारायला येणाऱ्या जोडप्यांना मी नॉमिनीवर थांबू देत नाही. दोघांनी वेगवेगळी मृत्युपत्रे करावीत, दोन साक्षीदारांसमोर सह्या कराव्यात, शक्य असेल तर नोंदणी करावी. घर घ्यायचे असेल तर करारनाम्यावर दोघांची नावे घालावीत. उपचाराचा निर्णय कोणी घ्यायचा हे आगाऊ लिहून ठेवावे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केलेले आणि 2023 मध्ये सोपे केलेले वैद्यकीय इच्छापत्र त्यासाठी आहे. त्यावर नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही चालते. एवढे करूनही अंत्यसंस्काराला कोणाला उभे राहू द्यायचे हे शेवटी घरचेच ठरवतात, हेही मी त्यांना सांगते. त्यातली बरीचशी जोडपी त्यानंतर आपल्या भावाला किंवा बहिणीला घेऊन पुन्हा येतात.