दोन मध्यस्थ आणि एक हस्तलिखित

लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाचा विचार साहित्यसमीक्षेने फारसा केलेला नाही. संहितेचा विचार झाला, लेखकाच्या हेतूचा झाला, वाचकाचाही झाला. परंतु हस्तलिखित पूर्ण झाले आहे की नाही हे ज्याच्या मतावर पुष्कळदा ठरते तो मध्यस्थ चरित्रग्रंथांच्या तळटीपांतच राहिला. अशा दोन मध्यस्थांच्या पुनर्लेखनाविषयीच्या धारणा परस्परविरोधी असतील, तर लेखकाने कोणाच्या हाती हस्तलिखित सोपवावे? वरकरणी हा प्रश्न व्यवहाराचा आहे. पण त्याच्या मुळाशी, साहित्यकृतीचा घाट कोणी ओळखायचा, हा प्रश्न असतो. १९१४ च्या उन्हाळ्यात डी. एच. लॉरेन्ससमोर तो ज्या रूपात उभा राहिला, ते रूप या दृष्टीने तपासून पाहण्यासारखे आहे.

एडवर्ड गार्नेट हा डकवर्थ या प्रकाशनसंस्थेचा वाचक-सल्लागार. कॉनरॅडसारख्या लेखकाला आरंभीच्या काळात पाठबळ देणारा हा मर्मज्ञ. १९१२ मध्ये हाइनमान यांनी लॉरेन्सची कादंबरी नाकारल्यावर गार्नेटनेच ती वाचली, तीवर टिपणे केली आणि लॉरेन्सने ती नव्याने लिहिली. हीच ‘सन्स अँड लव्हर्स’. नवी संहिताही गार्नेटला पसरट वाटली. त्याने तिच्यातील सुमारे ८० ठिकाणचा मजकूर काढून टाकला. एकंदर कादंबरीचा जवळजवळ दहावा हिस्सा. त्यात नायकाचा थोरला भाऊ विल्यम याच्याविषयीचा बराच भाग गेला. त्यापूर्वी इटलीहून लिहिलेल्या पत्रात लॉरेन्सने कादंबरीला घाट आहे असे तळमळीने मांडले होते. कात्रीची वार्ता कळल्यावर तो खिन्न झाला, पण त्याने संमती दिली. हाती पैसा नव्हता आणि पुस्तक निघणे निकडीचे होते. पुढे मुद्रिते पाहताना त्याने ही छाटणी चांगली झाल्याचेही कळवले. मे १९१३ मध्ये कादंबरी प्रसिद्ध झाली ती गार्नेटलाच अर्पण होऊन. खिन्नता, संमती आणि कृतज्ञता या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, हे येथे विसरता कामा नये.

पुढच्या कादंबरीने हे नाते तुटले. ‘द सिस्टर्स’ या नावाने सुरू झालेल्या लेखनाचा एक खर्डा गार्नेटने १९१४ च्या आरंभी सदोष ठरवला. लॉरेन्सने ते बऱ्याच अंशी मान्य केले आणि सारे पुन्हा लिहिले. ‘द वेडिंग रिंग’ हे नाव धारण केलेल्या या नव्या रूपावरही गार्नेटचा आक्षेप आला. व्यक्तिरेखांचे मानसशास्त्र त्याला चुकीचे वाटत होते. ५ जून १९१४ च्या पत्रात लॉरेन्सने दिलेले उत्तर आज कादंबरीमीमांसेत वारंवार उद्धृत होते. व्यक्तिरेखेचा जुना, स्थिर, नैतिक सुसंगतीवर उभा असलेला ‘अहं’ आपल्या कादंबरीत शोधू नये. हिरा आणि कोळसा ही एकाच कार्बनची रूपे असावीत तशा अवस्थांतून येथे व्यक्ती जाते, असा त्याचा आशय. कादंबरीविषयीचा हा महत्त्वाचा सिद्धान्त एका मध्यस्थाशी पुनर्लेखनावरून झालेल्या वादात जन्मला, याची दखल मात्र क्वचितच घेतली जाते.

दुसरा मध्यस्थ होता जेम्स ब्रँड पिंकर. लंडनमध्ये वाङ्मयीन एजंटाचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ए. पी. वॉट याने रुजवला. पिंकर त्यात १८९६ मध्ये उतरला. हेन्री जेम्स, कॉनरॅड, आर्नल्ड बेनेट हे त्याचे पक्षकार. पुनर्लेखनाचा सल्ला देणे हा त्याच्या कामाचा गाभा नव्हता. कॉनरॅडच्या कादंबऱ्या रेंगाळत असताना तो वर्षानुवर्षे उचल देत राहिला आणि हस्तलिखिताची वाट पाहत राहिला. लेखकाने लिहावे, मध्यस्थाने ते विकावे, अशी ही सरळ विभागणी होती. लॉरेन्सच्या नव्या कादंबरीसाठी त्याने मेथ्युएन यांच्याकडून ३०० पौंड आगाऊ देण्याची तयारी मिळवली. ‘सन्स अँड लव्हर्स’साठी डकवर्थ यांनी १०० पौंड दिले होते. जूनच्या अखेरीस लॉरेन्सने पिंकरचा मार्ग पत्करला.

पैशाने हा निर्णय सोपा केला, यात शंका नाही. १३ जुलै रोजी फ्रीडाशी विवाहबद्ध होणाऱ्या निर्धन लेखकाला तिप्पट रकमेचे मोल होते. परंतु केवळ पैशाने त्याचा उलगडा होत नाही. गार्नेटची वाचकदृष्टी प्रत्येक हस्तलिखितात आधीच सिद्ध झालेल्या कादंबरीचा आकार शोधीत होती. त्या आकारात न बसणारे ते तिला अतिरिक्त वाटे. ‘सन्स अँड लव्हर्स’च्या बाबतीत ही दृष्टी उपकारक ठरली, कारण त्या कादंबरीचे त्या परंपरेशी नाते होते. पुढची कादंबरी ते नाते सोडू पाहत होती. तेथे मर्मज्ञाचा सल्ला हाच अडसर झाला, आणि ज्याचा घाटाविषयी काही आग्रह नव्हता त्याच्याजवळ लेखकाला मोकळीक मिळाली.

म्हणून लॉरेन्सने पुनर्लेखन नाकारले असे समजणे चूक ठरेल. ऑगस्ट १९१४ मध्ये मेथ्युएन यांनी हस्तलिखित परत केल्यावर त्याने नोव्हेंबर ते मार्च या काळात कादंबरी पुन्हा लिहिली, तिचे दोन भाग केले आणि पहिल्याला ‘द रेनबो’ हे नाव दिले. दुसरा भाग पुढे ‘विमेन इन लव्ह’ झाला. प्रकाशकाने बदल मागितले तेव्हा त्याने पिंकरला आपली मर्यादा कळवली : वाक्ये, शब्दप्रयोग काढू, परिच्छेद आणि पृष्ठे काढणार नाही.

या मोकळिकीची किंमतही त्याला मोजावी लागली. ३० सप्टेंबर १९१५ रोजी ‘द रेनबो’ प्रसिद्ध झाली आणि १३ नोव्हेंबर रोजी बो स्ट्रीट न्यायालयाने तिच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. मेथ्युएन यांनी पुस्तक काढल्याबद्दल खेद व्यक्त केला; लेखकाला बाजू मांडण्याची संधीच नव्हती. कादंबरीला कायद्यासमोर तिचा अर्थ सांगू शकेल असा वाचक हवा होता, आणि तिच्या बाजूला होता तो करार. मौन बाळगणारा मध्यस्थ लेखकाला अडवत नाही, पण त्याच्या मौनाला अनुमोदन मानता येत नाही. १९१९ च्या अखेरीस लॉरेन्सने पिंकरशीही संबंध तोडले.

मराठीत हा व्यवसाय रुजला नाही. त्यातील वाचकाचे काम संपादकाने केले. १९८२ मध्ये बंद पडलेल्या ‘सत्यकथे’च्या आणि ‘मौज’च्या परंपरेत श्री. पु. भागवत व राम पटवर्धन यांनी लेखकांना पुनर्लेखनास प्रवृत्त केले. त्यातून मराठी कथा घडली. त्याच वेळी एका विशिष्ट घाटाचा आग्रह प्रबळ झाला, असा आक्षेपही घेतला गेला. दोन्ही विधाने एकत्र खरी असू शकतात, हे गार्नेटच्या उदाहरणावरून दिसते.

१९९२ मध्ये केंब्रिजच्या आवृत्तीने गार्नेटने काढलेला मजकूर ‘सन्स अँड लव्हर्स’मध्ये परत घातला. तेव्हापासून कोणती संहिता खरी, हा वाद आहे. संहिता ही सामाजिक व्यवहारातून सिद्ध होते, हे जेरोम मॅकगॅन यांचे १९८३ मधील प्रतिपादन मान्य केले तर गार्नेटची कात्रीही त्या कृतीच्या इतिहासाचा भाग ठरते. लेखकाचा हेतू प्रमाण मानला, तरी त्याने खिन्नतेने दिलेली संमती आणि नंतर व्यक्त केलेले समाधान यांपैकी कोणता हेतू प्रमाण मानायचा, हे ठरवावेच लागते. मध्यस्थाची निवड करताना लेखकाला हे सारे ठाऊक नसते. आपल्या हस्तलिखितात जे अजून नीट दिसत नाही ते समोरच्या माणसाला दोष म्हणून दिसते आहे की त्याला ते दिसतच नाही, एवढेच त्याला पारखता येते. तिसरा माणूस, ज्याला ते संभव म्हणून दिसेल, १९१४ मध्ये लॉरेन्सला भेटला नाही.